बडोद्यात हॅलोविन करायचंय? मग भुतं आपली घ्या

ऑक्टोबर लागला की सोसायटीतल्या पोरांचं हॅलोविन हॅलोविन सुरू होतं आणि मग कोणीतरी ऑनलाइन प्लास्टिकचे सांगाडे मागवतं. करा की, 31 ऑक्टोबरला जरूर करा, पण भुतं आपली घ्या एवढंच माझं म्हणणं. आयर्लंड-स्कॉटलंडकडची माणसं आधी सलगम कोरायची, अमेरिकेत गेल्यावर भोपळा मिळाला म्हणून भोपळा कोरायला लागली, म्हणजे त्यांनीही हाताशी होतं तेच घेतलं. आणि काळी चौदसला, म्हणजे नरकचतुर्दशीच्या सुमारास, इथल्या बायका चौकात वडे ठेवून भोवती पाण्याचं कडं करतात नि मागे वळून न बघता घरी येतात, हे लहानपणी बघितलेल्या बडोदेकराला हॅलोविन फार परकं वाटायला नको. 2024 ला तर नरकचतुर्दशी पण 31 लाच होती!

आधी भोपळा. खंडेराव मार्केटला सकाळी जायचं, कोळू म्हणून मागायचं, अख्खा घ्यायचा, देठासकट, बूड सपाट बघून, नाहीतर गडगडतो. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बायका लावत नाहीत, आजी बाबांना हाक मारायची, ती पद्धत मी अजून ठेवलीय कारण पोरं त्या क्षणाची वाट बघतात. झाकण कापताना सुरी तिरकी, टोक आतल्या बाजूला, म्हणजे झाकण आत पडत नाही. आपल्या भोपळ्याचा गर जाड असतो त्यामुळे जिथे तोंड कोरायचंय तिथे आतून चमच्याने खरवडून बोटभर जाडी ठेवा, मग डोळे कापायला सोपं जातं. सुरी मोठ्यांच्याच हातात. आणि कोरायचा त्याच दिवशी दुपारी, इथल्या उकाड्यात तो फार टिकत नाही. आत मेणबत्तीऐवजी सेलवाला दिवा ठेवा, फ्रॉकच्या घेराची काळजी नको.

आता वेश, आणि खरी मजा इथेच आहे. मुंजा सगळ्यात सोपा: पंचा, जानवं, हातात काठी, कपाळाला भस्म, डोळ्यांखाली काजळ पसरवायचं, झालं. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो ही गोष्ट आधी पोराला सांगा, मग तो उभाच वेगळा राहतो. हडळीला नवरात्रातला घागरा चालतो, केस मोकळे, आणि उलटी पावलं करायला पुठ्ठ्याची बोटं कापून चपलेच्या टाचेला चिकटवायची, पुढची खरी बोटं घागऱ्यात लपतात, मागून बघणारा दचकतोच. घागरा जमिनीवर लोळू देऊ नका, जिन्यात पाय अडकतो. वेताळ एखाद्या उंच काकांना करा, तो भुतांचा राजा, त्याच्यामागे सगळी वरात. रक्तासाठी मध, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको, पण डाग जात नाहीत म्हणून जुनेच कपडे.

सोसायटीत दारोदार फिरायचं असेल तर दोन दिवस आधी ग्रुपवर टाका, ज्यांना चालेल त्यांनी दारावर नारंगी कागद लावायचा, कागद नाही तिथे बेल वाजवायची नाही. कोणाकडे नुकतंच कोणी गेलं असेल किंवा आजारी माणूस असेल तर त्या मजल्यावर आरडाओरडा पण नको. सहाच्या सुमारास अंधारतं, सात ते साडेआठ पुरे. जिन्यातले दिवे बंद करू नका, वॉचमनकाकांना सांगून ठेवा. द्यायला कागदात गुंडाळलेली चिक्की किंवा चॉकलेट.

जेवायला शेवउसळ, लालभडक तरी वाढताना पोरं स्वतःच रक्त रक्त म्हणून ओरडतात. आणि भोपळ्याचा काढलेला गर टाकू नका! बिया-धागे काढून किसा, गुळात शिजवा, गार झाला की मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ आणि वेलची घालून मळा, पाणी अजिबात घालायचं नाही, आणि जाडसर थापून मंद आचेवर घारगे तळा. हे दुपारीच करून ठेवा, संध्याकाळी मुंजे दारात आले की प्रत्येकाच्या हातावर एकेक.