हॉलमधला पीसी आवाज करायलाय? सोलापूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचाय, पिक्चर, यूट्यूब, गाणी, घरच्या लग्नाचे व्हिडिओ सगळं एका जागी पाहिजे आणि आवाज अजिबात नको, असं म्हणणारे आजकाल लई भेटायलेत. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला, सायलेंट फॅन कुठला घेऊ? प्रश्नच उलटा आहे ओ. फॅन उगाच ओरडत नाही, आत तापलं म्हणून पळतो. त्यामुळं आधी बघायचं की आत तापतंय काय आणि ती गरम हवा जायला वाट कुठं आहे. फॅन लई नंतर.

परदेशी रिव्ह्यू बघून फॅनलेस घेणं

फॅनच नाही म्हणजे आवाजच नाही, ऐकायला भारी वाटतं. पण ते टेस्टिंग झालेलं असतं २०-२५ डिग्रीच्या खोलीत. गणित सोपं आहे, ठरावीक कामाला प्रोसेसर खोलीपेक्षा जितका वर तापतो तो फरक कुठंही जवळपास तेवढाच राहतो. रिव्ह्यूमध्ये २२ च्या खोलीत ७२ दाखवलं असेल तर फरक झाला ५० चा. आता एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बाहेर ४२-४३ आणि वर थेट स्लॅब असलेल्या हॉलमध्ये दुपारी ४० धरा, तोच डबा ९० ला गेला. बरेच प्रोसेसर १००-१०५ च्या आसपास स्वतःचा स्पीड पाडून स्वतःला वाचवतात, म्हणजे जळणार नाही पण व्हिडिओ अडकायला लागणार, आणि शेजारी बसलेली एसएसडी (फिरणारा भाग नसलेली डिस्क) पण भाजून निघणार. त्यात तुमच्या घरी दुपारी पोरं सुट्टीत कार्टून लावून बसणार, म्हणजे सगळ्यात जास्त लोड सगळ्यात गरम वेळेला.

फॅनलेस घ्यायचंच असेल तर ६ वॉटवाल्या इंटेल एन१०० सारख्या चिपवर घ्या आणि बॉडी मोठी, जड ॲल्युमिनियमची बघा. नाहीतर एक फॅन ठेवा, पण मोठा आणि हळू फिरणारा. हे लक्षात घ्या की एकाच फॅनचा स्पीड दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलनं वाढतो, आणि १० डेसिबल वाढले तरी कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून १२० एमएमचा फॅन ६००-७०० आरपीएमवर फिरत असला तर सोफ्यावर बसून कळत पण नाही, आणि स्वस्तातल्या छोट्या डब्यातला ४०-५० एमएमचा फॅन तेवढीच हवा काढायला चार-पाच हजारावर जाऊन किंचाळतो. दिसायला बारका डबा घेतला की आवाज फुकट मिळतो, हे दुकानदार सांगत नाही.

ऑफिसमधून काढलेला जुना पीसी हॉलमध्ये आणणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि कळत पण नाही. इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय५ पडलेला असतो घरात, लोक म्हणतात व्हिडिओ बघायला काय लागतंय. तर लागतंय. व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्समधल्या वेगळ्या सर्किटनं केलं तर प्रोसेसर निवांत राहतो, पण ते सर्किट त्या फॉरमॅटला ओळखत नसलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो, ८०-१०० टक्के लोड, आणि फॅन सुटतो. आता एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे नवे व्हिडिओ फॉरमॅट, म्हणजे कोडेक. इंटेलमध्ये १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट चालतं सातव्या जनरेशनपासून, आणि एव्ही१ अकराव्यापासून. यूट्यूब आता व्हीपी९ आणि एव्ही१ भरपूर पाठवतं. म्हणजे चौथ्या जनरेशनच्या मशीनला तुम्ही कितीही भारी कूलर लावा, ४के व्हिडिओ लावला की ते बिचारं धापा टाकणारच.

तपासायचं कसं? यूट्यूबवर व्हिडिओ चालू करा, त्यावर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. कोडेकपुढं एव्ही०१ किंवा व्हीपी०९ काय लिहिलंय ते बघा. मग टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूवर जाऊन व्हिडिओ डिकोडचा ग्राफ बघा. ग्राफ हलायलाय तर ठीक. ग्राफ शून्यावर झोपलाय आणि सीपीयू वर चढलाय तर दोनच गोष्टी, एक तर ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद आहे किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर विंडोजनं स्वतः टाकलेला बेसिकवाला आहे, आणि हे दोन्ही बरोबर असलं तर मग चिपच जुनी आहे. चिप जुनी असेल तर यूट्यूबला एच२६४ हा जुना फॉरमॅट द्यायला लावणारं एक्स्टेंशन मिळतं, ते टाका. त्यात १०८०पी च्या वर मिळत नाही, पण फॅन गप्प बसतो. लांबून बघणाऱ्याला ४३ इंची टीव्हीवर तेवढं पुरतं, माझं मत.

आणि एक. फक्त ओटीटी बघायचं असेल तर हा सगळा खटाटोप करूच नका. लिनक्सवर ब्राउझरमधून नेटफ्लिक्स ४के देत नाही, विंडोजवर पण एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) वाला टीव्ही, एचईव्हीसी एक्स्टेंशन, मग एज ब्राउझर किंवा ॲप असं सगळं जुळलं तरच. टीव्हीतलं ॲप किंवा एक स्टिक हे काम फॅनशिवाय करते. पीसी त्याच्यासाठी, ज्याच्याकडं स्वतःचा साठा आहे, जुन्या कॅसेटवरून उतरवलेले व्हिडिओ, फोटो, गाणी, आणि ज्याला कोडी किंवा जेलिफिनसारखं मीडिया सॉफ्टवेअर लावून ते नीट मांडून ठेवायचंय.

शोकेसमध्ये कोंडणं

सोलापुरात प्रत्येक हॉलला शोकेस असतेच, काचेची दारं, आत कप, शील्ड, पोराचा बालवाडीतला फोटो. पीसी पण त्यातच, दार लावून, आणि वरून धूळ बसू नये म्हणून कोणीतरी प्रेमानं चादरीचा तुकडा टाकतं. चादर आपल्याच गावची असली म्हणून काय झालं ओ, हवा ती पण अडवते.

बंद कप्प्यात मशीन स्वतःचीच गरम हवा परत परत ओढतं. बाहेर ३८ असताना तासाभरात कप्पा ४५-५० ला गेला तर नवल नाही. सुताराला सांगून मागची प्लाय वर एक आणि खाली एक अशी मोठी भोकं पाडून घ्या. खालून गार हवा यावी, वरून गरम जावी. दोन्ही भोकं वरच पाडली तर उपयोग थोडाच. सेटटॉप बॉक्स आणि वायफाय राउटर पीसीच्या खाली ठेवू नका, ते दोघं दिवसरात्र तापत असतात. काचेचं दार पिक्चर बघताना उघडं ठेवलं तर अजून चांगलं.

एअर कूलरबद्दल पण सांगतो. कूलर चालू असला की खोली थोडी गार होते, पीसीला बरंच आहे. पण कूलरचा झोत थेट पीसीवर मारू नका. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्याचे बारीक तुषार उडून आत सुकले की पांढरा थर धरतो. आणि खरं सांगायचं तर कूलर घरघरत असताना तुमच्या पीसीचा आवाज देव पण ऐकू शकत नाही. आवाजाची खरी परीक्षा जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, रात्री खिडक्या बंद, छताचा फॅन बंद, तेव्हा होते. म्हणून तापमानासाठी मे धरून चाला आणि आवाजासाठी जानेवारी, दोन्ही एकाच दिवशी तपासता येत नाहीत.

फॅन वर-खाली होणं

सारखा एकच मंद आवाज कान विसरून जातो, पण घूंऽऽ, गप्प, परत घूंऽऽ असं झालं की डोकं उठतं. मेन्यू उघडला, पोस्टर लोड झाले, दोन सेकंद प्रोसेसर टर्बोला, म्हणजे थोड्या वेळाच्या जास्त स्पीडला गेला, टेंपरेचर ५० चं ७० झालं, फॅन पळाला. बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारं मदरबोर्डचं सेटिंग) फॅन कर्व्हपाशी, म्हणजे कुठल्या टेंपरेचरला फॅन किती पळवायचा त्या आलेखापाशी, स्टेप अप, स्टेप डाउन किंवा स्मूदिंग असं काहीतरी असतं, ते वाढवा, म्हणजे टेंपरेचर थोडा वेळ वर टिकलं तरच फॅन हलेल. ६५ डिग्रीपर्यंत कर्व्ह एकदम सपाट ठेवा. तीन पिनवाला फॅन असेल आणि बायॉसमध्ये पीडब्ल्यूएम सिलेक्ट केलेलं असेल तर तो कायम फुल स्पीडला पळतो, तिथं डीसी मोड करा. नवीन मशीन पहिल्या दिवसापासून बोंबलत असेल तर आधी हेच बघा.

आणि टर्बो बंद करून बघा. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट दिसत असेल तर १०० चं ९९ करा, बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो. पिक्चर बघताना फरक कळत नाही, आवाजात कळतो.

हार्ड डिस्क हॉलमध्ये ठेवूच नका. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, ती थरथर लाकडी शोकेसमध्ये उतरली की पूर्ण शोकेस गुणगुणतं, आणि लोक बिचारे फॅन बदलत बसतात. हाताचा तळवा शोकेसवर दाबून धरा, गुणगुण कमी झाली तर चोर डिस्कच. आत एक एसएसडी पुरे, मोठा साठा दुसऱ्या खोलीत राउटरजवळ, मध्ये लॅनची वायर. वायर ओढायला जमतच नसेल तर निदान डिस्कखाली रबरी वॉशर तरी टाका.

अर्थिंगशिवाय चालवणं

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, एचडीएमआय वायर काढताना चटका बसतो, ही तक्रार जुन्या वाड्यात आणि चाळीत लई. पीसीचा सप्लाय (आतला वीज देणारा डबा, एसएमपीएस) खराब आहे असं समजून लोक नवा घेतात आणि परत तेच. कारण असं, एसएमपीएसमध्ये नॉइज काढायला मेन लाईन आणि बॉडी यांच्यामध्ये बारीक कपॅसिटर असतात, त्यातून थोडा करंट अर्थला जायचा असतो. अर्थच नसलं की बॉडी २३० च्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. करंट अगदी कमी असतो, पण टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट उडवायला तेवढा कधी कधी बास होतो, आणि साउंडबार, केबल टीव्हीची वायर जोडलेली असली तर स्पीकरमधून हम्म्म असा आवाज पण येतो. तीन पिनच्या प्लगला टू पिन कन्व्हर्टर लावणं बंद करा आधी. मग इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग मोजून घ्या. अर्थिंगचा खड्डा असेल तर आपल्या उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडते, अर्थिंग कमजोर होतं, तिथं अधूनमधून पाणी घालावं लागतं. आता पाणीच चार-पाच दिवसांनी आलं तर खड्ड्याला कुठून घालणार हा प्रश्न वेगळा, भांडी धुतलेलं चालतं म्हणा. हम्म्म राहिलाच तर केबलची वायर काढून बघा, थांबला तर कारण तीच.

लाईट गेल्यावर पीसी रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो, आणि पीसीचा सप्लाय फुल लोडला साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टर साइन वेव्हवालाच पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर काही सप्लाय घरघरतात. बायॉसमध्ये रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस पण ऑफ ठेवा, नाहीतर लाईट दहा मिनिटांत तीनदा आली-गेली की मशीन तीनदा उठतं.

बारीकसारीक

पिक्चर झटके खात असेल तर टीव्ही ६० हर्ट्झवर आहे आणि पिक्चर २४ फ्रेमचा. कोडीमध्ये ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट चालू करा. माउस जड वाटत असेल तर ४के ३० हर्ट्झवर चाललंय, एचडीएमआय १.४ मध्ये त्याच्या वर जात नाही. टीव्हीचा पोर्ट बदला, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टला एन्हान्स्ड किंवा यूएचडी कलर असं काही असेल ते ऑन करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट करा.

टीव्हीच्या रिमोटनं पीसी चालेल असं धरून बसू नका, बहुतेक पीसीच्या एचडीएमआयमध्ये सीईसी (रिमोटची बटणं वायरमधून पोचवणारी सोय) नसतंच, रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डवरच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. वायरलेस कीबोर्ड अडखळत असेल तर त्याचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी असणार. यूएसबी ३ मधून २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास नॉइज बाहेर पडतो, इंटेलनंच २०१२ मध्ये यावर पेपर काढलाय. हातभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल पुढं आणा, बास.

धुळीचं मात्र हलक्यात घेऊ नका. पूर्व भागात, अक्कलकोट रोडला, जिथं टॉवेल-चादरीचे लूम आहेत तिथं हवेत सुताचे बारीक तंतू असतात आणि ते हिटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर नमद्यासारखे बसतात, वरून फॅन स्वच्छ दिसतो आणि खाली हवा बंद. आत हवा ओढणाऱ्या फॅनला जाळी लावा, चुंबकाची मिळते, महिन्यातून एकदा पुसा. पूर्ण साफसफाई मार्चमध्ये, ऊन कडक व्हायच्या आत. ब्लोअर मारताना प्लग काढा आणि फॅनचं पातं बोटानं किंवा काडीनं धरून ठेवा, मोकळा सोडला तर भन्नाट स्पीडनं फिरतो आणि बेअरिंग जातं, मग तो नवा कर्रर आवाज घेऊन लोक परत दुकानात. सप्लायमध्ये ब्लोअर बाहेरूनच मारा, तो डबा खोलू नका. मुंग्या दिसल्या तरी.