मेंदूसाठी हळद घ्यायची, तर अशी घ्या

सांगलीत माझं कांडप आहे. नवी हळद यार्डात आली की उन्हाळाभर आमच्याकडे रांग. अलीकडे हळकुंडांची पिशवी काट्यावर ठेवता ठेवता एक प्रश्न हमखास येतो, "ताई, सासऱ्यांना फार विसरायला होतंय. हळदीनं फरक पडतो का हो?" मी केमिस्ट्रीची बीएस्सी, डॉक्टर नव्हे. तरी जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं सांगते.

हळदीचा पिवळेपणा म्हणजे मुख्यतः कर्क्युमिन. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर ते चांगलं काम करतं. सूज कमी करतं, अल्झायमरमध्ये, म्हणजे विसर पडत जाणाऱ्या आजारात, मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाच्या गुठळ्या जमू देत नाही. माणसाच्या पोटात गेलं की मात्र घोडं पेंड खातं. आतडं ते फारसं शोषत नाही, आणि शोषलेलं यकृत भराभर बाहेर काढतं. 2012 साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अल्झायमरच्या 36 रुग्णांपैकी काहींना रोज 2 ग्रॅम, काहींना 4 ग्रॅम कर्क्युमिन 24 आठवडे दिलं. फरक शून्य. 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठानं जास्त शोषलं जाणारं कर्क्युमिन 18 महिने वापरून पाहिलं, तेव्हा स्मरणशक्ती थोडी सुधारलेली दिसली. पण माणसं अवघी 40, आणि तीही आजार न झालेली.

आता हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 ते 5 टक्के. चमचाभर हळदीतून जेमतेम 100-150 मिलिग्रॅम मिळणार. त्या 4 ग्रॅमसाठी रोज पाव-अर्धी वाटी नव्हे, शंभर ग्रॅमच्या आसपास हळद खावी लागेल. म्हणून हळद जेवणात असू द्या, औषधाच्या डब्यात नको.

जेवणात घ्यायची तर नीट घ्या. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. फोडणीत मोहरी-जिऱ्यानंतर आच मंद करून हळद टाकायची, लगेच भाजी. करपली तर कडू होते. गरम पाण्यात हळद ढवळून पिणारे पुष्कळ येतात. तळाशी बसलेला गाळ बघितला तरी कळतं, त्यातलं किती विरघळलंय ते. त्यापेक्षा सायीचं दूध बरं. थंडीत ओली हळद निघते तेव्हा तिचं तेल घालून केलेलं लोणचं मला सगळ्यांत पसंत.

मिरी घाला. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिला तेव्हा शोषण वीसपट वाढलं. पण ही मिरी फक्त हळदीलाच आत सोडते असं नाही. फिटसाठीच्या फेनिटॉइन या औषधाचं रक्तातलं प्रमाणही पिपेरिननं वाढतं. फोडणीतल्या चार मिऱ्यांना घाबरू नका, पिपेरिनच्या कॅप्सूलला घाबरा.

खरेदीत मात्र मी कडक आहे. मेंदूसाठी हळद आणि तीच शिशानं रंगवलेली, याला काय म्हणायचं! फिक्या मालाला पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळलं की तो पिवळाधमक दिसतो, आणि शिसं थेट मेंदूवर जातं. पुडीत हे ओळखू येत नाही, म्हणून पूड नको, हळकुंड घ्या. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एक हळकुंड सोडा. पाण्यात लगेच पिवळा रंग उतरला तर तो माल परत करा. मग एक फोडून बघा. नीट शिजून वाळलेलं हळकुंड टणकन् तुटतं, आतून गर्द केशरी आणि गुळगुळीत असतं. मऊ पडलं, वाकलं तर ओल राहिलीय, बुरशी धरेल. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण नावावर जाऊन डोळे मिटू नका. दळलेली हळद उजेडात रंग सोडते. काचेची बरणी ओट्यावर छान दिसते, तरी पत्र्याचा डबा बरा. (सांगलीजवळच्या हरिपूरची, हळद साठवायची पेवं आठवा. जमिनीखाली, अंधारात, हवाबंद.)

कॅप्सूलचं विचारू नका, असं मी सरळ सांगते. इटलीत, अमेरिकेत त्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

आणि मेंदूसाठी म्हणून घरात येणारी दुसरी गोष्ट, खाजकुइली. साताऱ्याकडच्या डोंगरातून कुणीतरी बिया आणून देतं, "कंपवातावर रामबाण" म्हणून. त्यात तथ्य आहे, म्हणूनच जपायचं. या बियांत लेव्होडोपा असतं, पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्याच, गोळीत असतं तेच. ते मेंदूतल्या पेशी वाचवत नाही, मेंदूत कमी पडलेलं डोपामिन हे रसायन भरून काढतं. बियांतलं प्रमाण सारखं नसतं. आधीच गोळी चालू असताना वरून चूर्ण दिलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते. मळमळ, चक्कर, रक्तदाब उतरणं, अंग आपोआप वेडंवाकडं हलणं, सगळं होतं. चूर्ण घरात आलंच असेल, तर पुढच्या तपासणीला ती पुडी मेंदूच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. लपवून देऊ नका, आणि त्यासाठी चालू गोळी तर मुळीच बंद करू नका.