तान्ह्यासाठी कॅरिअर घेताय? मग या चुका टाळा

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुली आणि त्यांचे नवरे माझ्याकडे बाळ अंगाशी बांधून न्यायचं कॅरिअर दाखवायला येतात. बडोद्याच्या दांडिया बाजारात एकीनं दुसरीला सांगितलं की बास, तिसरी दुपारच्या चहाला हजर. माझ्या कपाटात खांद्यावरून झोळीसारखं अडकवायचं स्लिंग, लांब कापडाचे रॅप, बकलवाली कॅरिअर असं सगळं आहे, आणि मी ते घालून बघायला देते. पण येतात ते खरेदी उरकल्यावर. डबा फोडलेला, टॅग कापलेला, आणि प्रश्न ठरलेला: "मावशी, यात घातलं की हा का रडतो?"

बहुतेकदा उत्तर एकच असतं. ते त्याच्या मापाचं नाही.

डब्यावर ठळक अक्षरात '० ते ३६ महिने' लिहिलेलं असतं आणि लोक ते वेदवाक्य मानतात. महिने वाचू नका, किलो वाचा. बऱ्या कंपनीच्या बकलवाल्या कॅरिअरवर कमीत कमी वजन छापलेलं असतं, बरेचदा ३.२ किंवा ३.५ किलो. आपल्याकडे पूर्ण दिवसांचं ठणठणीत बाळसुद्धा पावणेतीन-तीन किलोचं असतं. त्यातून पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, ते भरून यायला दहा-पंधरा दिवस जातात. म्हणजे मामानं बारशाला हौसेनं आणलेलं कॅरिअर त्या दिवशी तरी बाळाला ढगळच असणार. ढगळ कॅरिअरमध्ये बाळ खाली घसरतं, त्याचं मुटकुळं होतं आणि कापडाची कड नाकाशी येते. मग आत टॉवेल कोंबतात, छोटी उशी ठेवतात. तो उपाय नव्हे, नवा धोका आहे. त्याच कॅरिअरसाठी कंपनीनं बनवलेली आतली गादी असेल तर ती लावा, नाही तर बाळाचं वजन वाढेपर्यंत थांबा. तोवर कडेवर घ्यायला घरात माणसं असतात की!

हिप सीट, म्हणजे कमरेला टणक बैठक बांधायची ती, बसायला लागलेल्या मुलांसाठी असते. साधारण सहा महिन्यांच्या आधी तिचा विचारच नको, दुकानदार काहीही म्हणो.

आता माझं सर्वांत नावडतं वाक्य: "झोपला, म्हणजे आवडलं त्याला."

रावपुऱ्यात एका बारशाला गेले होते. पाहुण्यांची गर्दी, पेढे फिरतायत, आणि बाबांच्या गळ्यात पिशवीसारखं स्लिंग. बाळ पार तळाशी, आडवं. सगळे कौतुक करत होते, "काय शहाणं आहे, आवाजसुद्धा नाही!" मी जवळ गेले तर आवाज होता. बारीक, कण्हल्यासारखा, दर श्वासाला एक 'हं'. कापड बाजूला केलं तर हनुवटी छातीला चिकटलेली आणि नाकपुड्या फुलतायत. हनुवटीखाली माझं एक बोटही शिरेना. कुणाला न विचारता मी बाळ बाहेर काढलं आणि खांद्याशी उभं धरलं. मान सरळ झाली तसं कण्हणं थांबलं, आणि मग त्यानं जो भोंगा पसरला तो खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. आजी माझ्यावर उखडल्या, "किती मुश्किलीनं निजवलं होतं हो!" बाबा म्हणाले, "पण रिव्ह्यू तर खूप चांगले होते." रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्या बाळाची मान यांनी पाहिली होती का?

यामागचं कारण साधं आहे. तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, मानेत ते पेलायची ताकद नसते आणि श्वासनलिका अरुंद, मऊ असते. मान पुढे वाकली की बागेच्या पाइपला घडी पडावी तसा श्वासाचा रस्ता दबतो. बाळाला स्वतःहून डोकं उचलता येत नाही, मोठ्यानं रडायलाही श्वास पुरत नाही. म्हणून ते 'शहाणं' दिसतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यांनी तपासलेल्या १४ मृत्यूंपैकी १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. कापड नाकातोंडावर दाबलं गेलं तर एक-दोन मिनिटांतही बाळ गुदमरू शकतं, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. पिशवीसारखं, खोलगट, बाळ आडवं ठेवायचं स्लिंग मी तान्ह्यासाठी कुणालाच देत नाही. ज्यात बाळ छातीशी उभं राहतं तेच घ्या.

माझी सवय सांगते. बाळ बांधून झालं की मान खाली घालते. कापड न हलवता चेहरा दिसला पाहिजे आणि टाळूचा पापा घेता आला पाहिजे. हनुवटीखाली दोन बोटं आडवी जायला हवीत. मग बाळाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबते. बाळ माझ्याकडे सरकलं, म्हणजे बांधणी सैल आहे. सोडून पुन्हा बांधायचं, "चालेल एवढं" म्हणायचं नाही. अंगावर पाजलं तरी दूध पिऊन होताच बाळ परत वर, उभं. आणि बाहेर काढल्यावरही कण्हणं थांबलं नाही, ओठ निळसर वाटले, तर माझ्यासारखीला फोन करत बसू नका, दवाखाना गाठा. दिवस भरण्याआधी झालेलं, अडीच किलोच्या आतलं किंवा छातीचा त्रास असलेलं बाळ असेल, तर कॅरिअर घेण्याआधीच डॉक्टरांना विचारायचं.

पायांचंही बघा. बैठक एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचायला हवी आणि गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर. समोरून बघितलं तर बेडकासारखी बैठक दिसते, तीच हवी. अरुंद पट्टीवर लोंबकळणारे सरळ पाय खुब्याच्या सांध्याला बरे नाहीत. बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला लहानपणी खुब्याचा त्रास झाला असेल तर जास्तच जपा, मुलगी असेल तर आणखी. हेच दुपट्यात घट्ट गुंडाळण्यालाही लागू आहे. पाय ओढून सरळ बांधले की उंची वाढते म्हणणाऱ्या आज्यांशी मी वाद घालत नाही, गाठ सोडून टाकते.

तोंड बाहेर करून बसवणं? मान पक्की होईपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, नाही. फोटोसाठीही नाही.

आणि अ‍ॅक्टिव्हा. सूरसागरपाशी संध्याकाळी उभ्या राहा, पुढे बाबा, मागे आई, मध्ये कॅरिअरमधलं बाळ, असं एक तरी कुटुंब दिसेलच. कॅरिअर म्हणजे सेफ्टी हार्नेस नव्हे. मोटार वाहन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये बदल जाहीर झाला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर चालवणाऱ्याला जोडलेलं हार्नेस हवं, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. तान्ह्याच्या डोक्याला बसेल असं हेल्मेटच नसतं, मग त्याला दुचाकीवर न्यायचंच कशाला? रिक्षा करा. "इथंच तर जायचंय" हे मला ऐकायचं नाही. चारचाकीतही कॅरिअर म्हणजे कार सीट नव्हे.

बाळ अंगाला बांधून फोडणी घालू नका. गरम चहाचा कपही हातात नको.

नवरात्रात बाळ बांधून गरबा खेळणाऱ्यांना मी नमस्कार करते आणि घरी पाठवते. त्या स्पीकरपुढे मोठ्यांचे कान बधिर होतात, आणि दर टाळीला ते डोकं हिंदकळतं. पुढच्या वर्षी खेळा.

बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. जाड फोमचं, पॉलिएस्टरचं कॅरिअर तेव्हा भट्टी होते, कारण आत तुमचीही ऊब असते. बाळाला एक सुती झबलं पुरे. कॅरिअरवरून ओढणी तर मुळीच टाकायची नाही. हातपाय गार लागतात म्हणून फसू नका, मानेच्या मागे हात लावून बघा. ओलसर, तापलेलं लागलं तर बाहेर काढा.

सिझेरियन झालं असेल तर कमरेचा पट्टा टाक्यांवर येणार नाही ना, हे आधी बघा आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच बांधा. वाकायचं ते गुडघ्यातून, एक हात बाळाच्या डोक्यामागे. जुनं कॅरिअर मिळालं तर शिवण आणि बकलं उजेडात तपासा. रिंग स्लिंगच्या कड्या जोड नसलेल्या, वजन पेलणाऱ्याच हव्यात. पडद्याच्या किंवा शोभेच्या कड्या लावून घरी शिवलेलं स्लिंग मी सरळ परत पाठवते.

घाई असलेल्यांना व्हिडिओ बघून पहिल्याच फटक्यात बाळ बांधायचं असतं. माझ्याकडे आधी गहू बांधावा लागतो. तीन किलो गहू पिशवीत भरायचे, पिशवीचं तोंड घट्ट शिवायचं आणि पलंगाशी उभं राहून बांधायचं, सोडायचं, परत बांधायचं. गहू घसरले तर बाळही घसरेल. न बघता बकलं लागायला लागली की मग बाळ, तेही पोट भरलेलं आणि खुशीत असताना, आधी घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं. आणि हे सगळं होईपर्यंत कॅरिअरचा टॅग कापायचा नाही, म्हणजे बदलून तरी घेता येतं.