आइस टी: गढूळ न होता टिकणारा

१ लिटर उकळत्या पाण्यात ४ सपाट चमचे चहापत्ती घाला, झाकून ४ मिनिटं ठेवा आणि गाळा. पत्ती दाबून पिळू नका, कडवटपणा उतरतो. साखर गरम असतानाच विरघळवा.

गरम चहा थेट फ्रीजमध्ये ठेवला की टॅनिन (चहातला तुरट घटक) आणि कॅफीन एकत्र येऊन तो गढूळ होतो. चव फारशी बिघडत नाही, पण दिसतो वाईट. थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा नितळ होतो. म्हणून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मात्र तासाभराहून जास्त बाहेर नको.

उकळत्या पाण्याने धुतलेल्या, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, २-३ दिवस टिकतो. लिंबू, पुदिना पिताना घाला. चहाला चिकट तार सुटली किंवा आंबूस वास आला तर सरळ ओतून द्या.