फित्राला कोरी पाटी समजले आणि वर्ष गेलं

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण चाळीस पानांचं होतं. त्यातली अडतीस फेकावी लागली. उरलेली दोन संदर्भसूचीची होती.

इस्लामी शिक्षणविचार आणि मानवी स्वभाव असा काही विषय तुम्ही घेतला असेल, तर 'इक्रा'ची ('वाच!') आयत, तालीम (ज्ञान देणं), तरबियत (जोपासना) आणि तादीब (शिस्त, सभ्यता लावणं) ही त्रयी आणि नफ्सच्या (मनाच्या, 'स्व'च्या) तीन अवस्था तुमच्या कानांवरून गेल्याच असतील. त्या पुन्हा सांगत नाही. मला ठेच लागली ती एकाच शब्दाला: फित्रा, म्हणजे माणसाची जन्मजात घडण.

झालं असं, की कुराणातल्या सूरा अन-नहलची ७८वी आयत वाचली. अल्लाहने तुम्हाला आईच्या उदरातून बाहेर काढलं तेव्हा तुम्हाला काहीही माहीत नव्हतं. मग इस्लामी विचारवंत गझालीचं (१०५८–११११) ते प्रसिद्ध वाक्य सापडलं: मुलाचं हृदय हे मौल्यवान रत्न आहे, त्यावर अजून कसलीच आकृती नाही. जन्मतः मन कोरं असतं असं म्हणणाऱ्या इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचा १६९० चा ग्रंथ आधीच वाचलेला होता आणि 'कोरी पाटी' हा शब्द जिभेवर तयारच होता. जे लॉकला सुचलं ते गझालीने जवळपास सहाशे वर्षं आधी सांगून ठेवलं, असा शोध लावून मी मोकळी!

वर्षभर कुणी हटकलं नाही. माझे मार्गदर्शक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातले, त्यांना ही तुलना फारच आवडली. (मार्गदर्शक खूश झाले की आधी घाबरायचं, हे मी तेव्हापासून शिकले.) दरम्यान अरबी सुधारावी म्हणून मदरशातून निवृत्त झालेल्या एका मौलानांकडे जायला लागले. त्यांच्यासमोर फित्राची ती प्रसिद्ध हदीस (पैगंबरांचं वचन) वाचली, 'प्रत्येक मूल फित्रावर जन्मतं', आणि पुस्तक मिटायला लागले.

"थांबा, पुढे वाचा," ते म्हणाले.

पुढे आईवडील येतात, ते मुलाला यहुदी, ख्रिस्ती किंवा मजूसी (अग्निपूजक) बनवतात. हेही मी माझ्या प्रकरणात घेतलं होतं. त्याच्या पुढचं मात्र घेतलं नव्हतं. पुढे जनावर येतं: जनावर अख्खं, धडधाकट पिल्लू देतं, त्यात कान कापलेलं एखादं जन्मताना तुम्ही पाहिलंय का?

मौलाना म्हणाले, "कोऱ्या पाटीला कान असतात का हो?"

तिथे माझी अडतीस पानं संपली.

नीट बघा. पिल्लाला काही माहीत नसतं, पण ते अर्धवट नसतं. अन-नहलची आयत माहितीबद्दल बोलते; फित्रा घडणीबद्दल. एकात ज्ञान नाही म्हणून दुसऱ्यात काहीच नाही, ही उडी मी मारली होती. आयत तरी पुरती वाचायची! त्याच आयतीत लगेच पुढे येतं की त्याने तुम्हाला कान, डोळे आणि हृदय दिलं. गझालीचंही तेच: आकृती नाही हे खरं, पण जिच्यावर आकृती उठायची ती वस्तू त्याच्या लेखी रत्न आहे, आणि आईवडिलांकडे सोपवलेली अमानत आहे. मी 'आकृती नाही' एवढंच उचललं आणि रत्न टाकून दिलं.

शब्दाच्या मुळाकडे गेले असते तरी वाचले असते. त्या धातूचा अर्थ फोडणं, प्रथमच घडवून बाहेर आणणं. 'इफ्तार' त्यातलाच. इथे देवनागरी दगा देते: अरबीतले दोन वेगळे 'त' आपण एकाच अक्षराने लिहितो. त्यामुळे माझ्या पहिल्या वहीत फित्राच्या शेजारी 'फितूर' लिहिलेलं आहे, बाण काढून! त्या दोघांचा काही संबंध नाही. टिपणं काढताना मूळ अरबी अक्षरंही लिहा, वाचता आली नाहीत तरी लिहा.

एवढं वाचून विषय बदलू नका. माझी चूक अगदीच हास्यास्पद नव्हती. हदीसचे जुने विद्वान इब्न अब्दुल बर्र (मृत्यू १०७१) यांनीही फित्राचा अर्थ श्रद्धा-अश्रद्धेच्या आधीची निकोप अवस्था असा घेतला, आणि आधार दिला तो अन-नहलच्या याच आयतीचा. नंतरचे धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांना ते पटलं नाही. अडथळा आला नाही तर फित्रा सत्याकडेच वळते, असं त्यांचं म्हणणं. पण दोघांच्याही लेखी मूल अख्खं आहे. लॉकला या भांडणात जागाच नाही.

उलट्या बाजूचा खड्डाही आहे: 'इस्लाममध्ये माणूस मुळात चांगला'. तोच माणूस दुबळा (सूरा ४, आयत २८; पुढेही असंच) आणि उतावळा (१७:११) असल्याचं कुराण सांगतं, आणि नफ्सला दुराचार आणि तक्वा (ईश्वराचं भान) दोन्ही उमगवले असंही (९१:८). गोड निष्कर्ष काढायची घाई नको.

हे कळल्यावर शिक्षकाचं प्रकरण आपोआप बदललं. पाटी असती तर शिक्षक लिहिणारा झाला असता. ८८:२१–२२ मध्ये मात्र खुद्द पैगंबरांना सांगितलंय की तुम्ही आठवण करून देणारे आहात, त्यांच्यावर हुकूम चालवणारे नाही. आणि कृपा करून तरबियतचं भाषांतर सरसकट 'संस्कार' करू नका. मलेशियाचे विचारवंत नकीब अल-अत्तास तादीबचा आग्रह धरतात तो नेमका याचसाठी, की तरबियत जनावरांचीही होते; मराठीत दोन्हीकडे 'संस्कार' लिहिलंत की त्यांचा मुद्दाच गायब.

अर्धवट वाचनावरून आठवलं: सारांश पुस्तिकांबद्दल माझं मत वाईट आहे, आणि त्यात मी एकटी नाही. इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ च्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात संक्षिप्त ग्रंथांच्या सुळसुळाटाने शिकणाऱ्याचं नुकसान होतं असं बजावलंय: थोड्या शब्दांत कोंबलेला अर्थ सोडवण्यातच त्याचा वेळ जातो. त्याने सांगितलेली पद्धत तीन फेऱ्यांची. आधी ढोबळ, मग सविस्तर मतभेदांसह, मग एकही गाठ न सोडता. मला ती हदीस तीन फेऱ्यांत पुरली नाही, पाच लागल्या. मौलानांनी एकदाही घाई केली नाही. पाचव्या फेरीलाही कानाच्या शब्दावर बोट ठेवून थांबायचे, मी स्वतः अर्थ सांगेपर्यंत.

तोंडी परीक्षेत इब्न अब्दुल बर्रवर तीन प्रश्न आले. लॉकवर एकही नाही.