हयात मित्राचे व्यक्तिचित्र कसे लिहावे

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, कचेरीतला सेवापूर्तीचा समारंभ, कुणाची साठी किंवा पंच्याहत्तरी अशा निमित्ताने स्मरणिका काढायचे ठरते आणि “तुम्ही त्यांच्या जवळचे, दोन पाने लिहून द्या” असा निरोप येतो. ही विनंती सहसा नाकारू नये. आपल्याकडे माणसावर मन लावून लिहिले जाते ते बहुतेक वेळा तो गेल्यानंतर, म्हणजे त्याला काही विचारता येत नाही आणि आपली चूक दुरुस्त करायलाही तो उरलेला नसतो तेव्हा. सहस्रचंद्रदर्शनापर्यंत थांबणेही इष्ट नाही, कारण एक हजार पौर्णिमा मोजायच्या तर सुमारे 80 वर्षे 10 महिने लागतात आणि तोवर आठवणींना दुजोरा देणारी मंडळी पांगलेली असतात.

लिहायला बसल्यावर मनमिळाऊ, हसतमुख, निगर्वी, हरहुन्नरी आणि अजातशत्रू हे शब्द आपोआप हाताशी येतात. ते पहिल्या खर्ड्यात येऊ द्यावेत, पण दुसऱ्यात एकही ठेवू नये. दर वर्षी इतके अजातशत्रू सेवानिवृत्त होतात की इतकी वर्षे कचेरीत भांडत तरी कोण होते, असा प्रश्न पडावा. विशेषण हा आपण काढलेला निष्कर्ष असतो, आणि ज्या गोष्टी पाहून आपण तो काढला त्या मात्र वाचकाला दिसतच नाहीत. म्हणून लेखाला हात घालण्यापूर्वी आठ-दहा दिवस एक वही जवळ ठेवावी आणि तिच्यात या मित्राला आपण स्वतः करताना पाहिलेल्या व बोलताना ऐकलेल्या गोष्टी टिपाव्यात. तो वस्तू कशा हाताळतो, कोणत्या वेळी गप्प बसतो, फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता उच्चारतो, पैसे देताना व घेताना कसा वागतो, हे सगळे त्यात यावे. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की प्रत्येक नोंदीत दुसऱ्या एखाद्या मित्राचे नाव घालून पाहावे. त्या नावानेही वाक्य तितकेच खरे वाटले, तर ती नोंद खुशाल खोडावी.

माझ्या बँकेतल्या एका ज्येष्ठ रोखपालांवर लिहिताना मी आधी “ते गोरगरिबांच्या मदतीला नेहमी तत्पर असत” असे लिहिले होते. हे वाक्य कुठल्याही शाखेतल्या कुठल्याही सज्जन माणसाला लागू पडले असते. मग आठवले, की निवृत्तिवेतन घ्यायला येणाऱ्या आजी-आजोबांचा अंगठा उमटवून घेतल्यानंतर शाई पुसण्यासाठी ते खिडकीच्या आतल्या बाजूला एका लहान डबीत खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवत, कारण नुसत्या फडक्याने ती शाई निघत नाही आणि तशाच हाताने गेलेली आजी वाटेत पदराला डाग लावून घेते. डबी आल्यावर तत्परतेची गरज उरली नाही.

मैत्री कुठे जुळली यावर आपल्याला त्या माणसाचे किती आणि काय ठाऊक आहे हे ठरते, आणि लेखाची अडचणही तिथूनच सुरू होते. शाळेतल्या मित्राचे घर, त्याच्या आईच्या हातची आमटी, वडिलांचा धाक हे सारे आपल्याला ठाऊक असते, पण आज तो कोण आहे याचा बऱ्याचदा पत्ता नसतो. कामावरच्या मित्राचा राग, चिकाटी आणि डबा आपण वर्षानुवर्षे पाहिलेला असतो, मात्र त्याच्या घरी आपण फार तर दोनदा, तेही वास्तुशांतीला किंवा सांत्वनाला, गेलेलो असतो. छंदातून मिळालेल्या मित्राचे तर आडनावही कित्येकदा माहीत नसते, आणि तरीही पाण्याची शेवटची बाटली तो कशी वाटून घेतो हे आपल्याइतके कुणालाच ठाऊक नसते. जे ठाऊक नाही ते चौकशा करून भरून काढण्याचा मोह टाळावा. आपल्याला दिसलेल्या भागापुरतेच लिहावे.

शालेय मित्रावर लिहिताना मोठा धोका हळवेपणाचा असतो. पाटी, दप्तर, गोट्या, चिंचा, बोरे ही यादी सर्वांच्याच बालपणात सारखी असल्यामुळे तिच्यातून कुणाचा चेहरा उभा राहत नाही. त्याऐवजी त्या वयात दिसलेली आणि आजही टिकून राहिलेली एखादी लकब शोधावी. माझ्या एका वर्गमित्राच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. त्याच्या वह्यांच्या पानांत पीठ असायचे. चिमटीत पीठ घेऊन, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर हलकेच फिरवून, जात्याला टाकी लावायची, म्हणजे त्याचा झिजलेला दगड पुन्हा खरबरीत करायची, वेळ झाली की नाही हे तो सहावीत असताना सांगू शकत असे. आज तो विज्ञान शिकवतो, आणि विचार करण्यासाठी बोलता बोलता थांबला की खडूची भुकटी त्याच दोन बोटांत फिरवत राहतो. एवढे सापडल्यावर मी गोट्या आणि चिंचा काढून टाकल्या.

जुन्या आठवणींचा काळ मात्र तपासलाच पाहिजे, कारण स्मरण वर्षे फार बेपर्वाईने सरकवते. या कामी सर्वांना ठाऊक असलेल्या तारखांची खुंटी उपयोगी पडते. पुण्यातल्या वडीलधाऱ्यांसाठी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडच्यांसाठी 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, मुंबईकरांसाठी 26 जुलै 2005 चा पाऊस अशा खुंट्यांना आठवणी अडकवून पाहिल्या की मागचे-पुढचे पुष्कळसे नीट लागते. माझ्या खर्ड्यात “दहावीच्या वर्षी, विसर्जनाच्या रात्री आम्ही दोघे गिरणीच्या ओट्यावर जागत होतो आणि पहाटे जमीन हलली” असे होते. तो किल्लारीचा भूकंप होता, म्हणजे 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची. आम्ही तेव्हा नववीत होतो. चूक एका इयत्तेचीच होती, पण मेळाव्यात वर्गातले पन्नास जण समोर बसलेले असताना ती वाचली गेली असती, तर पुढच्या कशावरही त्यांचा विश्वास बसला नसता.

कामावरच्या मित्राचे चित्र त्याच्या कामाच्या तपशिलाशिवाय उभे राहत नाही, आणि नेमका तोच तपशील आपण नेहमीचा म्हणून गाळतो. रोखपालाच्या खिडकीतला ओला स्पंज, नोटांच्या गड्ड्या, दिवसअखेर रोकड जुळेपर्यंत कुणाशी न बोलण्याची त्यांची रीत, हे बाहेरच्या वाचकाला अपूर्वाईचे असते. त्यातही जो दिवस नेहमीसारखा नव्हता तो निवडावा, कारण रुळलेल्या दिवशी माणूस सवयीने वागतो आणि त्याचा स्वभाव अडचणीच्या दिवशी समोर येतो. आमच्यापुरते असे दिवस नोव्हेंबर 2016 मध्ये आले. 8 तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याचे जाहीर झाले, 9 ला बँका बंद राहिल्या आणि 10 ला सकाळी आमच्या दारातली रांग कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत पोहोचली. त्याच महिन्यात नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला न पुसली जाणारी शाई लावण्याचा आदेश निघाला. आयुष्यभर शाई पुसत आलेल्या या गृहस्थांवर ती लावण्याची पाळी आली, आणि ते प्रत्येक वृद्ध माणसाला, जणू आपलाच अपराध असल्यासारखे, “ही निघायची नाही हं, आठवडाभर राहील” असे आधी सांगत आणि मगच बोट हातात घेत. त्यांच्या लेखासाठी मला दुसरा प्रसंग शोधावा लागला नाही.

कचेरीच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. बदल्या, बढत्या, साहेबांशी झालेले खटके, कुणाचे कर्ज, कुणाचे आजारपण हे आपल्याला सोबत काम करताना कळलेले असते, लिहिण्यासाठी विश्वासाने सांगितलेले नसते. ते लेखात आणू नये, मग त्यातून मित्राचा मोठेपणा कितीही सिद्ध होत असो.

छंदातल्या मैत्रीविषयी लिहिताना त्या छंदाची भाषा नेमकी वापरावी, कारण जिव्हाळा तिथेच भरलेला असतो. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी पाहायला भिगवणकडे जाणाऱ्या आमच्या टोळीत शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई आहेत. पहाटेच्या धुक्यात मच्छीमारांच्या नावेत बसून आम्ही पुस्तके चाळत असतो, तेव्हा त्या पक्ष्याकडे कापड पाहावे तसे पाहतात. रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा पहिल्यांदा उडाला तेव्हा त्या म्हणाल्या, “वरून पांढरा सदरा, आत गुलाबी अस्तर, आणि कडेला काळी गोट.” रोहिताच्या पंखांचे इतके अचूक वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. अशा वेळी “ताईंची निरीक्षणशक्ती दांडगी आहे” असे लिहिणे म्हणजे हातातले नाणे टाकून पावती जपण्यासारखे आहे. त्यांचे वाक्य जसे आले तसे द्यावे आणि बाजूला व्हावे. आम्ही त्यांना त्यांच्या आडनावाने ओळखत नाही, माझ्या फोनमध्ये त्यांचा क्रमांक “अस्तर ताई” या नावाने आहे, हेही मी लेखात तसेच सांगितले.

मित्राचे बोलणे उद्धृत करताना त्याची बोली राखावी, पण कानाला खात्रीने आठवते तेवढीच. मालवणी मित्राचे “खंय चललंस?” किंवा अकोल्याकडच्या मित्राचे “काऊन बे” हे दोन शब्द पुरेसे असतात, आणि आपल्याला न येणारी बोली अख्ख्या परिच्छेदात ओढून आणली की मित्राचे सोंग होते. तीच गोष्ट सर्वनामाची. पाचवीपासून ज्याला “अरे-तुरे” केले, तो आज मोठ्या हुद्द्यावर असला म्हणून लेखात “ते” झाला, तर ऐकणाऱ्यांना आपण दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतो आहोत असे वाटते. उलट ज्या सहकाऱ्यांना आपण वीस वर्षे “काका” म्हणत आलो, त्यांना लेखात सलगीने “तो” करणे उद्धटपणाचे आहे. हाक जशी मारतो तसेच लिहावे.

क्रियापदांकडेही लक्ष असावे. आठवणी लिहिताना “यायचा, बसायचा, म्हणायचा, हसायचा” अशी रांग लागते आणि दोन पाने होईतो मित्र घड्याळाच्या लंबकासारखा हलू लागतो. असे चार-पाच “यायचा” झाले की “एके दिवशी तो आला” असे म्हणून एखादा घडलेला प्रसंग सुरू करावा. लेखाचा आरंभ जन्मगावाने आणि जन्मतारखेने करण्याची चाल स्मरणिकांमध्ये पक्की रुजली आहे, पण ती माहिती संपादकाला चौकटीत देता येते. आपण मित्राला काहीतरी करत असतानाच समोर आणावे. लांबीबद्दल म्हणाल, तर समारंभात वाचायचे असेल तेव्हा हजार शब्दांच्या पुढे जाऊ नये, कारण सावकाश वाचायला तेवढ्यालाच आठ-नऊ मिनिटे लागतात आणि त्यानंतर श्रोत्यांचे लक्ष जेवणाच्या वासाकडे वळते.

निखळ कौतुकाचा लेख प्रेमळ असला तरी त्यातला माणूस ओळखू येत नाही. एखादा दोष यायला हवा. कोणता, याची कसोटी अशी, की जो दोष मित्र स्वतःच चारचौघांत हसून सांगतो तो लिहावा आणि जो त्याचे घरचे लोक कुजबुजत सांगतात तो सोडावा. आमचे रोखपाल पेनाच्या बाबतीत कमालीचे चिक्कू होते. ग्राहकांसाठी ठेवलेल्या पेनाला दोरी बांधून त्यांचे समाधान होत नसे, ते टोपण स्वतःच्या खिशात ठेवत, आणि ही गोष्ट ते स्वतःच नव्या मुलांना अभिमानाने शिकवत. ती मी लिहिली आणि वाचताना सभागृहात सर्वांत मोठ्याने तेच हसले.

खर्डा पक्का करण्यापूर्वी तो ज्याच्यावर आहे त्याला वाचायला द्यावा. लेख भेटीसारखा अचानक हाती ठेवण्यात गंमत असते हे खरे, परंतु छापून आलेल्या चुकीचा सल त्या गमतीपेक्षा जास्त काळ राहतो. शिवाय माणूस स्वतःविषयीच्या मजकुरात ज्या दुरुस्त्या करतो, त्यांत आपल्याला न दिसलेले काहीतरी हमखास निघते. मी रोखपाल काकांना पाने दिली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचले, नोटाबंदीच्या भागावर काहीच बोलले नाहीत आणि पेन्सिलीने फक्त एका शब्दाखाली रेघ ओढली. “खोबरेल नव्हतं रे,” ते म्हणाले, “तिळाचं तेल होतं. खोबरेल थंडीत गोठतं. डिसेंबरात म्हातारी माणसं खिडकीशी उभी राहिली असताना मी काय डबी तापवत बसणार होतो?”