फरशीला फुलझाडू, अंगणाला खराटा
कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात फुलझाडू घेताना आधी उलटा धरून दोनदा झटका. नव्याचा भुसा थोडा पडणारच, पण काड्याच निसटायला लागल्या तर बांधणी सैल आहे, ठेवून द्या. फरशीला हाच बरा. फक्त ओला करू नका, कुजतो. अंगणातल्या भिजलेल्या पाल्याला नारळाच्या हिरांचा खराटाच हवा, आणि इथल्या पावसात पाला भिजलेलाच असतोय. हीर वाकवून बघा, कट्कन मोडला तर नको. लक्ष्मीपूजनाला आणलेली शिंदीची केरसुणी नंतर वापरा की, कोपऱ्यात कशाला ठेवायची? केर भरायची सुपली दुकानातच फरशीवर टेकवा. कडेखाली फट दिसली तर बारीक धूळ कायम मागं राहणार. बाहेरच्या माती-खड्यांना पत्र्याची घ्या; प्लास्टिकची कड तडकते. पत्र्याची मात्र पावसात बाहेर ठेवू नका, गंजते.